वाटी काढून घेतल्यावर

कंटाळलेला उंदीर फार गाजावाजा करत नाही. तो गज चावतो, एवढंच. पिंजऱ्याच्या दाराशी, ठरलेल्या एकाच गजावर दात टेकवून कडकडकड असा आवाज काढत राहतो, मध्येच थांबतो, तुमच्याकडे पाहतो आणि पुन्हा सुरू होतो. काही उंदीर तेही करत नाहीत. ते झोपतात. दिवसा झोपणं ठीकच, हे रात्रीचे प्राणी. पण रात्रीचे दहा वाजून गेले, दिवे मंद झाले, तरी झोळीतून कुणी मानही बाहेर काढत नसेल, तर 'किती शहाणे, किती शांत' म्हणून कौतुक करण्यात अर्थ नाही. तरुण, धडधाकट आणि तरीही शांत असा उंदीर मला आजवर क्वचितच भेटला. बहुधा तो आजारी तरी असतो, नाहीतर त्याला करण्यासारखं काही उरलेलं नसतं.

माझ्याकडे सध्या तिघी आहेत. ठमी सगळ्यांत वयस्कर, अंगानं भरलेली, खाण्याच्या बाबतीत कुणाचंही न ऐकणारी. चिंगी सडपातळ, सदैव कुठूनतरी कुठेतरी निघालेली. काजळीचं डोकं-खांदे काळे नि बाकी अंग पांढरं, स्वभावानं संशयी. काजळीच्याच रंगाचा उंदीर घेऊन मेरी डग्लस नावाच्या बाई 1901 साली इंग्लंडमधल्या आयल्सबरीच्या प्रदर्शनात गेल्या आणि बक्षीस घेऊन आल्या. हौसेनं उंदीर पाळणारे आणि त्यांची प्रदर्शनं भरवणारे लोक आपली वंशावळ तिथून मोजतात. म्हणजे शंभराहून जास्त वर्षं माणसं या प्राण्याला पिंजऱ्यात ठेवताहेत. तरीही नवा पाळणारा पहिल्या खरेदीत जे आणतो ते बहुतेक स्वतःच्या डोळ्यांसाठी असतं.

लाल शिडी, पिवळी घंटा, निळं प्लास्टिकचं घर. उंदराच्या डोळ्यात रंग टिपणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या: एक हिरव्याच्या आसपासचा प्रकाश पकडते, दुसरी अतिनील. लाल शिडी त्याला जवळजवळ काळीच दिसते. लांबचं सगळंच धूसर, आणि गुलाबी डोळ्यांच्या उंदरांना तर आणखी कमी दिसतं. असा उंदीर उडी मारण्याआधी डोकं डावीकडे-उजवीकडे हलवत अंतराचा अंदाज घेत बसतो. नवखा मालक घाबरतो, याला फिट आली की काय म्हणून. खरं तर हा प्राणी जगाशी व्यवहार करतो तो नाकानं आणि मिशांनी. मिशा सेकंदाला पाच ते दहा वेळा पुढेमागे फिरत असतात, आणि वस्तूचा काठ, खरखर, भोक सगळं त्यांना कळतं. तेव्हा गुळगुळीत, बिनवासाची, कुरतडता न येणारी, जागची न हलणारी वस्तू त्याच्या हिशेबी एकदा तपासून सोडून देण्याची. घंटेचं तर मला हसूच येतं. ती वाजली की आपल्याला वाटतं उंदीर खेळतोय. तो बहुतेक वेळा तिला खालून उचकटायच्या खटपटीत असतो.

मग त्याला हवं काय? मोकळा उंदीर रात्रभर काय करतो ते आठवावं. शोधतो, उकरतो, चढतो, उचलून नेतो, लपवतो, भावंडांशी झोंबतो, कान टवकारतो, पळतो. यातली निम्मीअधिक कामं अन्नाभोवती फिरतात, आणि पिंजऱ्यात आपण पहिली सोय करतो ती नेमकी अन्नाची. वाटी काठोकाठ भरलेली, रोज त्याच कोपऱ्यात. म्हणजे पगार घरपोच आणि कचेरीला कायमची सुट्टी. पाच मिनिटांत पोट भरतं, आणि मग अख्खी रात्र समोर उभी राहते.

1963 साली ग्लेन जेन्सन या मानसशास्त्रज्ञानं एक गमतीदार गोष्ट दाखवून दिली. उंदरांना कळ दाबून अन्न मिळवायला शिकवलं, आणि मग त्याच पेटीत तेच अन्न फुकट, भांड्यात भरून ठेवलं. शहाणपणाच्या आपल्या कल्पनेप्रमाणे उंदरांनी भांड्यावर तुटून पडायला हवं होतं. पण कळ दाबायची ज्यांना बऱ्यापैकी सवय झाली होती, असे बरेच उंदीर समोर फुकटचं असतानाही कळ दाबून मिळवलेलंच खात राहिले. नंतर हाच प्रकार इतर अनेक प्राण्यांत दिसला. यामागचं कारण काय यावर अभ्यासकांचे वाद आहेत. मला पटणारं म्हणजे, खटपट करताना प्राण्याला आजूबाजूची माहिती मिळते, आणि अन्न कुठे, कसं मिळतं ही माहिती त्याच्या लेखी अन्नाइतकीच मोलाची असते.

तेव्हापासून म्हणा किंवा स्वभावानं म्हणा, मी वाटी काढून घेतली. पाणी बाटलीत चोवीस तास असतं, त्याच्याशी खेळ नाही. पण दाणे भुशात विखुरतात, कागदाच्या कपट्यांत मिसळतात, टिश्यू रोलच्या आतल्या पुठ्ठ्याच्या नळीत भरून दोन्ही टोकं दुमडली जातात. आत्या पहिल्यांदा हे पाहून कळवळली. "अगं, मुक्या जिवांना असं हुडकायला काय लावतेस? सरळ एका जागी वाढ की!" मी म्हटलं, "आत्या, एका जागी वाढून बघ ना एकदा." तिनं हौसेनं वाढलं. तिघींनी मिळून सगळं उचललं, वरच्या घरात, झोळीखाली, मातीच्या डब्यामागे नेऊन दडवलं, आणि मग रात्रभर एकमेकींचं चोरून दुसरीकडे नेत बसल्या. आत्या म्हणाली, "यांना खायचं नाहीये, यांना संसार करायचाय." मला याहून नेमकं सांगता आलं नसतं.

पुडी सोडवतानाची ठमी बघण्यासारखी असते. साध्या कागदाच्या तुकड्यात चार-पाच दाणे ठेवायचे, कडा पिळायच्या, आणि ती पुडी आणखी एका कागदात. ठमी आधी ती तोंडात धरून कोपऱ्यात नेते, कारण कामाच्या जागी गर्दी तिला चालत नाही. मग बसते, पुडी पुढच्या दोन्ही पंज्यांत उभी धरते आणि फिरवत फिरवत नाकानं पिळाचं टोक शोधते. चिंगी असती तर मधूनच फाडून मोकळी झाली असती. ठमी पीळ सुटेपर्यंत दातांनी हलकेच ओढत राहते. पहिला कागद गळून पडला की क्षणभर थांबते. आत अजून कागद आहे हे पाहून तिच्या मिशा एकदम पुढे येतात. दाणे सापडले की पहिला जागेवर संपतो, बाकीचे तोंडात. आणि मग, याचं मला अजून नवल वाटतं, ती रिकामा कागद टाकून देत नाही. घडी घालावी तसा तोंडात गोळा करून घरट्यात नेते. खाणं आणि अंथरूण एकाच फेरीत.

अक्रोड अख्खा, कवचासकट द्यावा. कवचाला बारीकशी फट असली तर उंदीर रात्रभर तिच्यापाशी बसतो. पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, त्यामुळे कुरतडणं ही चैन नाही, गरज आहे. मात्र दात झिजवायला केवळ लाकडाचे ठोकळेच लागतात असं नाही. उंदीर वरचे-खालचे दात एकमेकांवर घासूनही ते झिजवतो. खूश असला की हे दात घासणं इतकं जोरात चालतं की डोळे आतबाहेर लुकलुकायला लागतात, कारण जबड्याचा एक स्नायू डोळ्याच्या मागून जातो. पहिल्यांदा पाहणाऱ्याची पाचावर धारण बसते. सवय झाली की तोच आवाज ऐकायला आपण पिंजऱ्याशी कान लावतो.

उथळ ताटलीत बोटाच्या पेराइतकं पाणी घालून त्यात वाटाणे सोडावेत. बुडालेला वाटाणा काढायची प्रत्येकीची रीत निराळी. चिंगी थेट तोंड बुडवते आणि शिंकते. काजळी काठावर उभी राहून एका हातानं वाटाणा कडेला ओढते. ठमी वाट पाहते आणि काजळीच्या तोंडातला पळवते. उन्हाळ्यात या खेळाचा दुहेरी फायदा. उंदराला घाम येत नाही, जादा उष्णता तो मुख्यत्वे शेपटीतून बाहेर टाकतो, आणि तापलेल्या खोलीत तो लवकर बेजार होतो. ओले पाय, ओलं तोंड त्याला बरंच वाटतं.

पण या सगळ्यांहून जास्त काम करतो तो मातीचा डबा. ऑक्सफर्डच्या मॅन्युएल बर्डॉय यांनी पिढ्यान्पिढ्या प्रयोगशाळेत वाढलेले उंदीर एका मोकळ्या आवारात सोडून त्यांचं चित्रीकरण केलं होतं. या उंदरांच्या कित्येक पिढ्यांना मातीचा कण ठाऊक नव्हता. तरी त्यांनी आडोसे शोधले, बिळं खणली, ये-जा करायच्या वाटा पाडल्या. उकरणं त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही आणि इतक्या पिढ्यांच्या पिंजऱ्यानं ते विसरायलाही लावलं नाही. कॅनडातल्या ज्योआना माकोव्स्का आणि डॅनियल वीअरी यांनी 2016 साली प्रसिद्ध केलेला अभ्यास तर पिंजरा घेणाऱ्या प्रत्येकानं मनावर घ्यावा असा. ऐसपैस, मातीच्या पिंजऱ्यातले उंदीर आणि नेहमीच्या बुटक्या पेटीतले उंदीर यांची त्यांनी तुलना केली. ऐसपैस जागेतले उंदीर दिवसातून कितीतरी वेळा मागच्या पायांवर ताठ उभे राहत, चढत, बिळं करत. बुटक्या पेटीत उभं राहणं शक्यच नव्हतं. तिथले उंदीर आडवं अंग ताणत राहायचे, आळोखेपिळोखे देत, दुसऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त वेळा. अंग आखडलेलं असणार, दुसरं काय. मी पिंजरा पाहताना आता आधी हे बघते की त्यात माझी सगळ्यांत लांब मादी शेपटीवर तोल सावरून उभी राहू शकेल का. मजल्यांची संख्या, रंग, चाकं हे नंतर.

डबा खोल हवा, निदान वीतभर. खत न घातलेली माती किंवा कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, हाताला ओलसर लागेल इतपत ओलं. कोरडी धूळ नको, कारण यांची फुप्फुसं नाजूक आणि श्वसनाचे विकार पाचवीला पुजलेले. त्यात मूठभर गहू पेरून चार दिवस डबा बाहेर ठेवावा आणि कोंब वर आले की आत द्यावा. पाचव्या मिनिटाला शेताची नासाडी झालेली असते. चिंगी शेपटीपर्यंत आत जाते आणि मागच्या पायांनी माती अशी भिरकावते की ती गजांतून थेट माझ्या पायांवर येते. खाली चादर अंथरावी. घरात स्वच्छतेची फार आवड असलेलं कुणी असेल तर त्यांना त्या वेळी कामाला बाहेर पाठवावं.

इथवर सगळं सरळ आहे. अडचण येते ती नावीन्याच्या बाबतीत. सगळेच सांगतात की पिंजऱ्याची मांडणी बदलत राहा. बरोबर आहे. मी दोरी हलवली, नळीचं तोंड दुसऱ्या झोळीत काढलं की तिघींना तासभर पुरतं. काजळी अशा वेळी आधी कडेकडेनं पूर्ण फेरी मारते, अंग गजांना चिकटवून, मान लांब, मागचे पाय पळायच्या तयारीत. दुसऱ्या फेरीत ती मध्ये शिरते. तिसऱ्या फेरीत ती सरळ धावते, आणि त्या धावण्यात कुठेही अडखळणं नसतं. 1930 साली टोलमन आणि हॉन्झिक या मानसशास्त्रज्ञांनी चक्रव्यूहात काही उंदीर दहा दिवस नुसते हिंडू दिले, बक्षीस म्हणून काहीच न देता. अकराव्या दिवशी शेवटी अन्न ठेवलं, तर हे रिकामटेकडे उंदीर एका-दोन दिवसांत त्या उंदरांच्या बरोबरीला आले ज्यांना पहिल्या दिवसापासून अन्न मिळत होतं. म्हणजे हिंडताना ते नकाशा बनवत होते, केवळ तो वापरायचं कारण त्यांना मिळालं नव्हतं. पुढे 2001 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात असंही दिसलं की गोल वाटेवर धावून आलेल्या उंदराच्या मेंदूत, स्वप्नं पडतात त्या झोपेतही, त्याच धावेचा क्रम पुन्हा उमटतो. झोळीत पाय झाडणारी चिंगी बघताना मी यापुढे जाऊन काही म्हणणार नाही. पण कुठली दोरी स्वप्नात आली असेल हा विचार मनात येतोच.

तर बदल हवा. पण किती? ब्रिस्टलच्या काही संशोधकांनी 2004 साली उंदरांचा एक गट मुद्दाम बेभरवशाच्या परिस्थितीत ठेवला: कधी अंथरूण ओलं, कधी पिंजरा तिरका, कधी दिव्याची वेळ उलटी, कधी अनोळखी सोबती. उंदरांना आधी शिकवलं होतं की एक सूर वाजला की कळ दाबल्यावर अन्न मिळतं, आणि दुसरा वाजला तर दाबायची नाही. नंतर मधले, धड हा नाही धड तो नाही असे सूर वाजवले. बेभरवशाच्या घरातले उंदीर अशा वेळी कळ दाबायला कचरायचे, उशीर करायचे. चांगलं काही घडेल ही त्यांची आशाच पातळ झाली होती. मला हा प्रयोग नेहमी आठवतो तो साफसफाईच्या दिवशी. उत्साही मालक आठवड्यातून एकदा सगळं धुऊन काढतो, झोळ्या बदलतो, घरं हलवतो, भुसा नवा, वर सुवासिक द्रवानं पुसून घेतो. त्याला वाटतं, नवं कोरं घर दिलं. उंदराला वाटत असणार, आपलं घर होतं ते गेलं कुठे? वासानं आखलेल्या सगळ्या खुणा गायब. मग ते बिचारे रात्रभर थेंब थेंब मुतत पुन्हा हद्दी आखतात, नर तर विशेष मन लावून, आणि मालक म्हणतो, काल तर धुतलं होतं!

माझा रिवाज साधा आहे. झोपायची जागा हलवायची नाही. धुताना जुन्या अंथरुणातलं मूठभर परत ठेवायचं. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. नवी वस्तू पिंजऱ्यात न टाकता दाराशी ठेवली तर आणखी उत्तम. ती घ्यायची की नाही, कधी घ्यायची, हे त्यांनी ठरवावं. काजळीला एखादी झोळी पसंत नसली तर ती तिचे हूक कुरतडत नाही, सरळ झोळीच भोकसून टाकते. हाही एक निर्णय आहे आणि तो मान्य करावा लागतो.

चाकाबद्दल दोन मतं आहेत आणि लोक त्यावर हमरीतुमरीवर येतात. एका पक्षाचं म्हणणं, चाकावर गोल गोल धावणं हेच मुळात कोंडलेल्या प्राण्याचं वेड. लायडनच्या योहाना मायर आणि युरी रॉबर्स यांनी 2014 मध्ये त्याला छान उत्तर दिलं. त्यांनी चाकं थेट रानात, झाडाझुडपांत ठेवून दिली आणि कॅमेरा लावला. मोकळ्या रानातले उंदीर, बहुतेक माझ्या तिघींहून छोट्या जातीचे, स्वतःहून आले, धावले, उतरले, पुन्हा चढले. बेडूक आले. गोगलगाईसुद्धा चाकावर सापडल्या, त्यांचा हेतू काय होता देव जाणे. तेव्हा चाक म्हणजे वेड हे मला मान्य नाही. पण ठमीनं जन्मात चाकाला पाय लावला नाही, आणि चिंगी लावते ती लहरीवर. मादी दर चार-पाच दिवसांनी माजावर येते त्या रात्री तिचं धावणं अचानक वाढतं आणि घरातल्या कुणाला झोप येत नाही. चाक घ्यायचं तर मोठं घ्यावं, तीस सेंटीमीटरच्या वर व्यासाचं, सलग पृष्ठभागाचं, काड्यांचं नव्हे. छोट्या चाकात पाठ उलटी वाकते आणि शेपूट अडकते. प्लास्टिकच्या बंद गोळ्यात उंदीर घालून खोलीभर सोडणं मला बिलकूल पसंत नाही. ज्याचं सगळं जग नाक आणि मिशा आहे त्याचं नाक-मिशाच बंद करून त्याला फिरवायचं, यात करमणूक कुणाची?

बाकीची पथ्यं भराभर सांगते. झोळीचे सुटे धागे कापून टाका, बोट अडकून सुजतं. पाइन आणि देवदाराचा सुवासिक भुसा नको. तळ जाळीचा असेल तर झाका, तळपायाला फोड येतात. चिकट खाण्याचा मोठा गोळा देऊ नका, उंदराला उलटी होत नाही, घशात अडकलेलं बाहेर काढायची सोय त्याच्या शरीरात नाही.

आता खरी गोष्ट. वर सांगितलेलं सगळं एका बाजूला आणि दुसरा उंदीर एका बाजूला. एकटा उंदीर ठेवून त्याच्या पिंजऱ्यात खेळण्यांचं दुकान मांडलं तरी ते पुरं पडत नाही. उंदरांची मस्ती नीट पाहिली तर कळतं की ती मानेसाठी असते: एकीनं दुसरीच्या मानेवर नाक टेकवायचं, दुसरीनं उलटं होऊन ते चुकवायचं, लगेच भूमिका बदलायच्या. खरं भांडण असलं की दात कमरेकडे, पाठीमागे जातात. हे एवढं ओळखता आलं की उगाच मध्ये पडून मस्ती मोडायची वेळ येत नाही. आणि मस्तीत त्या ओरडत असतात, केवळ आपल्याला ऐकू येत नाही. आपले कान 20 किलोहर्ट्झच्या आसपास हात टेकतात. खेळणारे, गुदगुल्या करून घेणारे उंदीर 50 किलोहर्ट्झच्या पट्ट्यात चिवचिवतात. याक पँकसेप या मेंदूशास्त्रज्ञानं हे शोधून काढलं तेव्हा पुष्कळांनी त्यांची थट्टा केली होती. वटवाघळांचे आवाज ऐकवणारं यंत्र मिळालं तर पिंजऱ्यापाशी धरून पाहा. मी उसनं आणून धरलं होतं. मुकी म्हणून समजलेली खोली एकदम बाजाराच्या दिवसाची झाली.

माणसानंही या खेळात उतरावं. 2019 साली बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठात काही तरुण उंदीर चक्क लपाछपी खेळायला शिकले. खाऊचं आमिष नव्हतं. सापडल्यावर किंवा सापडवल्यावर गुदगुल्या आणि दंगा, एवढंच बक्षीस. लपताना ते पारदर्शक पेटीपेक्षा अपारदर्शक पेटी निवडायचे आणि लपून बसल्यावर गप्प राहायचे. सापडल्यावर काही जण पळून पुन्हा लपायचे, डाव लांबवायला. हे वाचल्यापासून मी रोज संध्याकाळी खोलीची दारं-फटी बंद करून तिघींना सोडते आणि चादरीखाली हात घालून बसते. ठमी हातावर येऊन बसते आणि खेळ संपतो. चिंगी मात्र चादरीवरून हाताचा माग काढते, आतून बोट हललं की उडी मारून मागे सरकते, आणि हात बाहेर आला की पाठीवर लोळते. काजळी पलंगाखालून बघते. तिचाही तो खेळच असावा. मी तिला कधी ओढून आणत नाही.

डॉनल्ड हेब या मानसशास्त्रज्ञानं 1940 च्या दशकात काही उंदीर प्रयोगशाळेतून घरी नेऊन आपल्या मुलींना खेळायला दिले, आणि नंतर बुद्धीच्या चाचण्यांत ते पिंजऱ्यातल्या भाऊबंदांहून सरस निघाले. पुढे कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात रोझेन्झ्वाइग, मॅरियन डायमंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेच काटेकोरपणे मोजलं: गटानं राहणारे, रोज बदलत्या वस्तूंत वावरणारे उंदीर आणि एकटे, रिकाम्या पेटीतले उंदीर यांची तुलना केली, तर पहिल्यांच्या मेंदूचं बाह्य आवरण जाड भरलं. एक बारकावा विसरायचा नाही. रिकामी पेटी हीच तेव्हाची रीत होती. म्हणजे गजबजलेल्या पिंजऱ्यानं उंदीर हुशार झाला असं म्हणण्यापेक्षा, रिकाम्या पेटीनं तो निम्मा उरला होता असं म्हणणं मला जास्त खरं वाटतं. त्यामुळे कुणी "किती लाड करतेस गं उंदरांचे" म्हटलं की मला ते लागत नाही, पटतही नाही. कोंडून आपण ठेवलं आहे. लाड अजून सुरूच झालेले नाहीत.

ठमी आता दोन वर्षांच्या पुढे गेली आहे. उंदराचं आयुष्य दोन-तीन वर्षांचं, म्हणजे आजीच म्हणायची. मागचे पाय ओढते, दोरीवर चढत नाही. म्हणून मी मजले खाली आणले, उतरंडी रुंद केल्या, झोळी जमिनीपासून चार बोटांवर बांधली. मऊ खाण्यासाठी तिला एक चपटी वाटी परत मिळाली आहे आणि ती तिची एकटीची असल्याचं तिघींपैकी एकटी तीच मानते. पुड्या मात्र बंद केल्या नाहीत, केवळ पिळायच्या सोडून नुसत्या दुमडते. डायमंड यांनी उतारवयातले, 766 दिवसांचे उंदीर गजबजलेल्या पिंजऱ्यात हलवले होते आणि ते 904 दिवसांचे झाल्यावर पाहिलं, तर त्यांचाही मेंदू भरलेला सापडला. माकोव्स्का-वीअरी यांच्या नोंदींतही वयाबरोबर चढणं झपाट्यानं घटतं, पण उकरणं टिकतं. ते मला दिसतंच. चाक, दोरी, शिडी हे सगळं सुटलेली ठमी मातीच्या डब्यात उतरली की पुढच्या दोन हातांनी नेटानं खणते, मागचं धूड तसंच टेकलेलं ठेवून. म्हणून डब्याची एक भिंत मी कापून बुटकी केली आहे. माती आता दुप्पट बाहेर येते. चिंगीला खाली आणलेले मजले मुळीच पसंत पडलेले नाहीत. तिच्यासाठी छताला एक लांब नळी टांगली, तर तिच्यात काजळीनं आधीच कागद भरून ठेवले आहेत, आणि त्यावरून काल रात्रीपासून दोघींची ओढाताण सुरू आहे.